रिपोर्टातला ‘हाय’

आज रक्ताचा रिपोर्ट आला. एलडीएल कोलेस्टेरॉल १४८, पुढे ठळक ‘हाय’. सौ.ने लगेच तुपाची बरणी वरच्या फळीवर चढवली. तूप अगदीच निर्दोष नाही, संपृक्त चरबीने एलडीएल वाढतं हे खरंच. पण रक्तातलं बहुतेक कोलेस्टेरॉल बनवतं आपलंच शरीर, आणि ते लागतंही: प्रत्येक पेशीच्या आवरणाला, पित्ताला, ड जीवनसत्त्वाला, शिवाय टेस्टोस्टेरॉन, इस्ट्रोजेनलाही. एवढ्या कामाच्या पदार्थाला आपण सरसकट खलनायक करून टाकलंय.

गडबड होते ती रक्तातले एलडीएलचे, म्हणजे कोलेस्टेरॉल वाहून नेणारे, कण नीट उचलले न गेल्याने. यकृताच्या पेशींवरचे रिसेप्टर हे कण ओढून घेतात; ते शोधणाऱ्या ब्राउन आणि गोल्डस्टीन यांना १९८५ चं नोबेल मिळालं. रिसेप्टर कमी पडले की कण रक्तात रेंगाळतात, धमनीच्या अस्तरात शिरतात आणि वर्षानुवर्षं थर साचत जातो. दुखत-खुपत काही नाही, हीच पंचाईत.

एलडीएल कमी करणाऱ्या स्टॅटिन या औषधाचा उगम मात्र मजेशीर. जपानच्या आकिरा एंडो यांना ते बुरशीत सापडलं!

डॉक्टरांनी गोळी लगेच लिहिली नाही. आधी बीपी, साखर, तंबाखू विचारलं. मग वडिलांना अटॅक कितव्या वर्षी आला ते. आईला फोन करायला हवा.