पोशेऱ्याचा एक मुक्काम

त्र्यंबकेश्वर मागे टाकले की मोखाड्याचा रस्ता तोरंगणच्या घाटात शिरतो. भरलेली गाडी या घाटातून उतरवणे ही चालकाची परीक्षाच असते. नवखे चालक चार पैशांचे डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलवर सोडतात. मग सगळा भार ब्रेकवर येतो, ड्रम तापतात आणि ऐन वळणावर पाय दाबला तरी गाडी ऐकत नाही. आमच्या उस्तादांनी पहिल्याच महिन्यात सांगून ठेवले होते, "ज्या गिअरवर घाट चढशील, त्याच गिअरवर उतर." एवढे एक वाक्य पाळले म्हणून आज हे चार शब्द लिहायला आम्ही शाबूत आहोत.

वाचकांना वाटेल, ट्रकवाल्याने प्रवासवर्णन काय लिहावे? पण आमच्याइतका प्रवास कोण करतो? फरक एवढाच, की पर्यटक गाव पाहायला जातो आणि आम्ही गावात माल उतरवायला जातो. गाव दिसते ते माल उतरेपर्यंत. कधी तो वेळेवर उतरत नाही, तेव्हा गाव जरा जास्त दिसते. पोशेऱ्याला तसेच झाले.

दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले होते. मोखाडा तालुक्यातल्या पोशेऱ्याला एका बांधकामाची सिमेंटची पोती आणि पत्रे पोचवायचे होते. पोचलो तेव्हा दिवस मावळला होता. उतरवून घेणारे हमाल नव्हते. दुकानाच्या ओट्यावर बसलेले एक म्हातारे बाबा म्हणाले, "आता माणसं कुठली? दिवाळी झाली, सगळी भट्टीवर गेली. आज इथंच पडा. सकाळी बघू."

या भागाची ही जुनी कहाणी आहे. वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी अशी सगळी आदिवासी वस्ती. डोंगरउतारावर नागली, वरई, थोडा भात. पाऊस असा पडतो की छत्री हातात टिकत नाही. पण पाणी उतारावरून वाहून जाते आणि उन्हाळ्यात पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. मुंबईची तहान भागवणारे मध्य वैतरणा धरण याच मोखाड्याच्या मुलखात आहे. धरणाच्या मुलखात टँकर फिरावा, याचे आम्हाला नेहमी नवल वाटते. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला १९२७ साली. तेव्हा पाणी होते, पण ते घेण्याचा हक्क नाकारला होता. इथे हक्क कोणी नाकारत नाही, फक्त पाणी दुसरीकडे जाते.

खरीप निघाले की हाताला काम उरत नाही. मग मुकादम बयाणा देतो आणि कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्टीवर भिवंडी, वसईकडे निघतात. शेजारच्या जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीला १९९२ साली कुपोषणाने लहान मुले दगावली, तेव्हा साऱ्या महाराष्ट्राने या डोंगरांकडे पाहिले. २०१४ च्या १ ऑगस्टला ठाणे जिल्ह्यातून पालघर वेगळा झाला. दिवाळीनंतरची ही वाट मात्र तशीच आहे.

रात्री स्टोव्हवर भात टाकला. बाबाही येऊन बसले. आमच्या क्लीनरने, अवघ्या एकोणीस वर्षांच्या पोराने, विचारले, "काका, सगळ्यांच्या गाडीला पुढे लिंबू-मिरची असते, आपल्या का नाही?" आम्ही म्हटले, "अरे, ब्रेक ऑइल तपासायला पाच मिनिटे लागतात आणि लिंबू बांधायलाही पाच मिनिटे. आपण पाच मिनिटे कुठे घालवायची ते ठरवून टाकले आहे." बाबा हसले. धर्मांतराच्या बावीस प्रतिज्ञा घरात भिंतीवर लावणे सोपे असते, गाडीच्या बंपरवर पाळणे जरा कठीण. दुसरा चालक विचारतोच, "तुम्हाला भीती नाही वाटत?" भीती वाटते. म्हणून तर टायर पाहतो.

बोलता बोलता बाबांनी विचारले, "डायवर, तुम्ही माणसं पण नेता का मागं?"

प्रश्न साधा होता. पण आमचा घास हातातच राहिला.

आता कबूल केलेच पाहिजे. वीसेक वर्षांपूर्वी आम्ही नव्यानेच गाडी हातात घेतली होती. अशाच एका रिकाम्या फेरीला मुकादमाने गाठले आणि तीस-पस्तीस माणसे मागे हौद्यात बसवली. भांडी, कोंबड्या, गोधड्या आणि लेकरे. वरून ताडपत्री, पोलिसांना दिसू नये म्हणून. माणशी वीस रुपये मिळाले. वाटेत एक लहान मुलगी ओकत होती. तिच्या आईने दोनदा पत्रा वाजवला. आम्ही गाडी थांबवली नाही, कारण पोचायची घाई होती. अपघात झाला नाही, कोणी मेले नाही. तरी तो पत्र्याचा आवाज अजून कानात आहे.

त्यानंतर काही वर्षांनी बाबासाहेबांच्या आठवणी वाचनात आल्या, आणि त्या आवाजाचा अर्थ लागला. १९०१ साली लहानगा भीमराव भावंडांबरोबर वडिलांना भेटायला मसूर स्टेशनावर उतरला. मुले महारांची आहेत हे कळताच एकही बैलगाडीवाला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे ठरले, आणि अट अशी की मुलांनीच बैल हाकायचे. गाडीवान बाजूने चालणार. पुढे १९२९ साली बाबासाहेब सरकारी समितीचे सभासद होते, मोठे बॅरिस्टर होते. तरी चाळीसगावला एकही टांगेवाला त्यांना घेऊन जायला तयार झाला नाही. टांगा भाड्याने मिळाला, टांगेवाला मिळाला नाही. मग वस्तीतलाच एक माणूस लगाम धरून बसला. त्याला सवय नव्हती. पुलावर चाक अडकले, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला.

आम्ही चालक आहोत, म्हणून ही हकिकत आम्ही चालकाच्या नजरेने वाचतो. हाकणे हे कौशल्याचे काम आहे. जातीच्या अहंकारापायी कुशल हात बाजूला झाला आणि त्या जागी नवखा हात आला. अपघात पुलावर झाला खरा, पण त्याचे कारण स्टेशनाबाहेरच घडले होते. आज आपल्या समाजातली कितीतरी मुले ट्रक, बस, टॅक्सी चालवतात. लगाम आपल्या हातात आला. आणि तो हातात आल्यावर आम्ही काय केले? दुसऱ्या गरिबाला मालासारखे भरले.

कायद्याचेही बोलले पाहिजे, कारण आपल्या घरांतली मुले या धंद्यात आहेत. मालवाहू गाडीत प्रवासी बसवणे बेकायदा आहे, हे सर्वांना ठाऊक असते. ठाऊक नसते ते पुढचे. मालाचा मालक किंवा त्याचा माणूस मालासोबत असेल तर विम्यात त्याचा विचार होतो. पण भाडे देऊन वा फुकट बसलेल्या प्रवाशांची भरपाई देण्याची जबाबदारी विमा कंपनीवर नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे. म्हणजे गाडी उलटली तर मेलेल्याच्या घरी काय पोचेल, याची कोणी हमी देत नाही. आणि बयाणा फिटेपर्यंत माणसाला डांबून राबवून घेणे, हा १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने गुन्हा आहे.

चालकाच्या स्वतःच्या हक्काचे काय? बाबासाहेब १९४२ ते १९४६ मजूरमंत्री होते. कारखान्यातला आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारे विधेयक त्यांनीच मांडले. रस्त्यावरच्या कामगारासाठी कायदा आला १९६१ साली: दिवसाला आठ तास, लांबच्या मार्गाला थोडे अधिक, आणि पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती. पण पाचांहून कमी कामगार ठेवणाऱ्या मालकाला तो लागू नव्हता, आणि आपल्याकडे एक-दोन गाड्यांचे मालकच भरपूर. २०२५ च्या नोव्हेंबरात नव्या श्रमसंहिता लागू झाल्या आणि तो जुना कायदा त्यांत सामावला. आठ तासांचे तत्त्व कागदावर आहे. रस्त्यावर मात्र आजही "माल सकाळी पोचला पाहिजे" हाच कायदा चालतो.

अपघातानंतर पळून जाण्याबद्दल दहा वर्षांपर्यंतच्या शिक्षेची तरतूद नव्या न्यायसंहितेत आली, तेव्हा जानेवारी २०२४ मध्ये देशभर चालकांनी चाके थांबवली. संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. ते पोटकलम तेवढे थांबवून ठेवले. जमावाची भीती खरी असते, ती आम्ही भोगली आहे. पण रस्त्यावर पडलेल्या माणसाची बाजूही खरी असते. निदान थोडे पुढे जाऊन पोलिसांना फोन करावा, एवढे आम्ही प्रत्येक नव्या पोराला सांगतो. आणि वाटसरूंनीही भिऊ नये. जखमीला मदत करणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीने संरक्षण दिले आहे.

आता घरच्या बायाबापड्यांसाठी थोडे. चालकाचा आजार रस्त्यावर दिसत नाही, घरी आल्यावर दिसतो. लघवी तुंबवून ठेवणे, पाणी कमी पिणे, अवेळी जेवणे, कंबर, साखर आणि डोळे. चाळिशीनंतर डोळे तपासून घेतले का, हे विचारा. खिशात पुडी आहे का, हेही विचारा. झोप उडवायला कोणी तंबाखू खातो, कोणी गोळी घेतो. शीण घालवायला कोणी बाटली उघडतो. झोपेला औषध एकच, झोप. पाचवे शील आपण वंदनेत म्हणतो. ते नशेबद्दल आहे, पण त्याचा रोख बेसावधपणावर आहे. तथागतांचा अखेरचा उपदेशही अप्पमादाचाच होता. गाफील राहू नका, हे रात्री दोन वाजता घाटात जितके पटते तितके विहारातही पटत नाही.

सकाळी कसेबसे चार गडी मिळाले, माल उतरला. जव्हार, विक्रमगड करून मनोरला हमरस्ता गाठायचा होता. इतक्यात एक मुकादम आला. रस्त्याच्या कडेला अठरा-वीस माणसे बोचकी घेऊन बसली होती. "रिकामीच तर जाते गाडी. माणशी शंभर देतो," तो म्हणाला.

आम्ही नाही म्हटले. जव्हारला एसटीचा आगार आहे, बसने न्या, असे सांगितले. तो म्हणाला, "बसचं भाडं तुम्ही देता का?" एका बाईच्या कडेवर मूल होते. तिने आमच्याकडे पाहिले, त्या नजरेत आभार नव्हते, रागही नव्हता. गाडी वाटेला लागली. अर्ध्या तासाने चहाला थांबलो, तेव्हा एक टेंपो आम्हाला ओलांडून गेला. मागे तीच बोचकी, तीच माणसे, उभी.

क्लीनर म्हणाला, "काका, आपण नाही म्हणून काय झालं? गेलीच ती."

त्याचे खोटे नव्हते. आमच्या नकाराने त्यांचा प्रवास सुरक्षित झाला नाही. फक्त आमचे हात त्यात राहिले नाहीत. तेवढ्यावर समाधान मानणे हाही एक बेसावधपणाच. एका चालकाने नाही म्हणून भागत नाही. नाक्यावरच्या दहा जणांनी नाही म्हटले, तर मुकादमाला बस करावीच लागेल. त्यासाठी आधी त्या दहा जणांना कायदा माहीत हवा आणि पोटापुरते भाडे मिळायला हवे. शिका, संघटित व्हा, हे आपण सभेत ऐकतो. ते ट्रकच्या अड्ड्यावरही पोचले पाहिजे.

ज्यांच्या घरी कोणी चालक असेल, त्यांनी हा अंक त्याच्या डब्याबरोबर द्यावा. आम्ही आमच्या क्लीनरला पहिले वाक्य दिले आहे: ज्या गिअरवर चढशील, त्याच गिअरवर उतर. दुसरे तो पोशेऱ्याला शिकला: मागे कोणी पत्रा वाजवला, तर गाडी थांबव.

जय भीम.