डेकवरचं शेवाळ



न्यू जर्सीला मुलाच्या घरामागे जुना लाकडी डेक आहे. म्हणजे आपला ओटाच, पण फळ्यांचा. यंदा मे महिन्यात आले तर सावलीकडच्या फळ्या शेवाळाने हिरव्यागार. शेवाळ म्हणजे अनंतकाय! आणि नातू त्यावरूनच धावायचा, एकदा घसरून पडलासुद्धा. मुलगा म्हणाला, "आई, ब्लीच टाकून प्रेशरने धुतो, तासाभरात साफ." माझ्या पोटात गोळाच आला.

खरी चूक माझी. मागच्या वर्षीच फळीवर पाण्याचे थेंब टाकून पाहिले होते. थेंब मोत्यासारखे न राहता लगेच मुरले, म्हणजे जुना स्टेन संपला होता. तेव्हाच नवा हात दिला असता तर लाकूड ओलं राहिलं नसतं, शेवाळ एवढं धरलं नसतं. "पुढच्या वर्षी बघू, उगाच खर्च," असं मीच म्हटलं होतं. बी.कॉम. झालेल्या बाईचा हिशेब!

ब्लीच नको म्हटलं. कुंड्या हलवल्या, ऊन-वारा लागू दिला. दोन आठवड्यांनी वाळलेलं शेवाळ कोरड्या ब्रशने निघालं. वाळवणं म्हणजेही मारणंच, मला कळतं ते. त्या संध्याकाळी प्रतिक्रमणाला बसले तर डोळ्यांपुढे तोच हिरवा रंग.

मग फटींत मुंग्या-कोळी नाहीत ना पाहिलं, लाकडाच्या रेषेने सँडपेपर मारला आणि तेलाच्या स्टेनचा पातळ हात दिला. त्याचे बोळे मात्र गोळा करून ठेवू नका, आपोआप पेटू शकतात. बाहेर पसरून वाळवा.

मुलाच्या कॅलेंडरवर पुढच्या एप्रिलमध्ये लिहून ठेवलंय: पाण्याचे थेंब.