दहाव्या दिवशीचा कागद

हे गेल्याच्या दहाव्या दिवशी घाटावरून परतलो आणि संध्याकाळी थोरल्या दिरांनी एक कागद पुढ्यात ठेवला. "वारस लावायला लागतो. वाचून घे, परवा तालुक्याला जाऊन नोंदवू." रडून डोळे सुजले होते, तरी मथळा वाचता आला. हक्कसोडपत्र.

यांनी बारा वर्षं ट्रक चालवून दोन एकर जमीन घेतली होती. खरेदीखत यांच्या एकट्याच्या नावावर. दीर म्हणाले, "जमीन घरात राहू दे. तुला नि पोरींना वर्षाची ज्वारी देऊ, लुगडं घेऊ, पोरींची लग्नं करू." आणि हळूच पुढं, "उद्या तू दुसरं घर केलंस तर जमीन परक्यात जायला नको."

मी एवढंच म्हटलं, तेरावं होऊ द्या.

तेराव्यानंतर भावानं मला तालुक्याच्या कोर्टातल्या विधी सेवा समितीत नेलं. बाईमाणसाला तिथं फुकट वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. वकीलबाईंनी पाटीवर शिकवावं तसं सांगितलं. नवरा मृत्युपत्र न करता गेला, तर 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानं बायको, मुलं आणि त्याची आई यांना सारखा वाटा. हे वारस असताना भावाला काही नाही. म्हणजे ऐंशी गुंठ्यांत मला वीस, दोन मुलींना वीस-वीस, सासूबाईंना वीस. पूर्वी विधवेला जमीन हयातीपुरती मिळायची, सहसा विकता येत नसे. याच कायद्याच्या कलम 14 नं ती पूर्ण मालकीण झाली. पुढं लग्न केलं तरी मिळालेला वाटा जात नाही. मुली अज्ञान असल्यानं त्यांचा वाटा तर कोर्टाच्या परवानगीशिवाय आईलाही सोडता येत नाही. सातबाऱ्यावर नाव लागायचं राहिलं, तरी तेवढ्यानं हक्क बुडत नाही; पण मी नोंदवलेलं हक्कसोडपत्र केलं की माझा बुडालाच. ज्वारी आणि लुगडं ही देणाऱ्याची मर्जी. वाटा माझा स्वतःचा. हा फरक त्या दिवशी मला कळला.

घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. त्या बराच वेळ चूल फुंकत राहिल्या. मग म्हणाल्या, "मामंजी गेले तुझे, तेव्हा माझाही अंगठा घेतला होता. कशावर, ते कुणी सांगितलं नाही." दुसऱ्या दिवशी त्या स्वतः माझ्याबरोबर तलाठ्याकडं आल्या. पोटच्या पोराविरुद्ध जबाब देताना त्यांचा आवाज कापत होता, पण त्यांनी दिला. त्यांच्या जागी मी असते तर एवढं धैर्य झालं असतं का, ठाऊक नाही.

दिरांनी फेरफारावर हरकत घेतली. मंडळ अधिकाऱ्यांपुढं तारखा पडल्या, सात महिने गेले, भावकीनं बोलणं टाकलं. शेवटी नोंद मंजूर झाली.

बायांनो, मयताच्या घरात पुढ्यात आलेल्या कुठल्याही कागदावर लगेच सही करू नका, अंगठा देऊ नका. तो आधी वकिलाला दाखवा. आमच्या सातबाऱ्यावर आज चार नावं आहेत, चारही बायकांची.