बंद करण्याचा क्रम

सिस्टीम सुरू करताना क्रम चुकला की लगेच कळतं. डेटाबेस तयार नसताना ॲप उठलं, तर स्क्रीनवर लाल एररची रांग लागते. डॉकर कंपोजमध्ये 'डिपेंड्स-ऑन' लिहिलं की झालं, असं मलाही वाटायचं. पण नुसतं तेवढं लिहिलं, तर डेटाबेसचा कंटेनर आधी सुरू होतो, इतकंच. तो खरंच तयार झालाय का, हे पाहायला हेल्थचेकची अट वेगळी घालावी लागते.

बंद करताना मात्र चूक गुपचूप होते. नोकरीच्या पहिल्या वर्षी, एका रात्री अपडेटसाठी मी आधी डेटाबेस बंद केला, मग ॲप. मधल्या काही सेकंदांत तिघांचे पैसे कापले गेले आणि ऑर्डरची नोंद कुठेच झाली नाही. सकाळी एका काकूंचा फोन मीच घेतला. "यांचं इन्सुलिन संपत आलंय हो. पैसे गेले, मग ऑर्डर का दिसत नाही?"

ज्याच्यावर बाकीचे अवलंबून, तो आधी उठतो आणि सगळ्यांच्या शेवटी झोपतो. म्हणून आधी नव्या रिक्वेस्ट थांबवायच्या, हातातलं काम पुरं होऊ द्यायचं, मग ॲप, शेवटी डेटाबेस.

कंटेनर थांबवताना डॉकर सिगटर्म पाठवतं, सहसा १० सेकंद थांबतं, मग सिगकिलने थेट बंद करतं. कुबरनेटिस ३० सेकंद देतं. तेवढ्या वेळात काय आवरायचं, हे आपणच लिहावं लागतं. मी आता ते सर्वात आधी लिहितो.