कळवणाऱ्यांचं देणं

साथरोग सर्वेक्षणाच्या नोकरीत मी स्वतः एकही साथ शोधून काढलेली नाही. निवृत्तीच्या समारंभात वक्त्यांनी उलटं सांगितलं, पण अशा समारंभात शाल-श्रीफळाबरोबर चार थापाही द्यायच्याच असतात. साथ प्रत्येक वेळी दुसऱ्याच कुणाच्या तरी लक्षात आली. कधी उपकेंद्रातल्या सिस्टरच्या, कधी लॅबमधल्या तंत्रज्ञाच्या, एकदा तर एसटी स्टँडसमोरच्या मेडिकलवाल्याच्या. मी फोन उचलला, गाडी काढली, वर कळवलं. पुणे परिमंडळ म्हणजे पुणे, सातारा आणि सोलापूर हे तीन जिल्हे. तिथलं पथक सांभाळताना जी काही अक्कल आली ती उसनी आहे. ज्यांच्याकडून घेतली त्यांची नावं अहवालात आली नाहीत आणि इथेही मी ती देणार नाही. काहींची नोकरी अजून चालू आहे.

पहिलं देणं साहेबांचं. बी. जे. मेडिकलमधून पीएसएम, म्हणजे रोगप्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्र, करून मी आले तेव्हा डोक्यात पुस्तकं होती. एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम देशात नोव्हेंबर २००४ मध्ये सुरू झाला होता आणि त्याचे तीन फॉर्म गावोगाव पोचत होते. उपकेंद्राचा एस, डॉक्टरांचा पी, प्रयोगशाळेचा एल. सोमवार ते रविवार असा आठवडा धरून ते भरायचे. एस फॉर्ममध्ये रोगाचं नाव नसतंच, नुसती लक्षणं असतात. सात दिवसांच्या आतला ताप, तापाबरोबर पुरळ, पातळ जुलाब, कावीळ, अचानक आलेला लुळेपणा. आणि अगदी तळाशी एक रकाना, वरच्या कशात न बसणाऱ्या पण माणसाला दवाखान्यात किंवा स्मशानात पोचवणाऱ्या लक्षणांचा. साहेबांनी फॉर्म पुढ्यात सरकवला आणि म्हणाले, "डॉक्टर, खालून वर वाचत चला."

तो रकाना जवळजवळ नेहमी कोरा असायचा. का असायचा, हे कळायला पुढची काही वर्षं गेली. ज्या तालुक्यात डेंग्यूचे रुग्ण जास्त दिसतात त्या तालुक्याला आढावा बैठकीत पहिला प्रश्न येतो, "तुमच्याकडेच कसे वाढतात हो?" ज्याने तपासण्याच केल्या नाहीत तो शेजारी बसून निवांत चहा पितो. दोन-तीन बैठकांत माणूस शहाणा होतो आणि पुढच्या आठवड्यापासून शून्य पाठवायला लागतो. साहेबांचा यावरचा उपाय साधा होता. जो कळवेल त्याला मेमो नाही. गॅस्ट्रोची बातमी घेऊन कुणाचाही फोन आला की त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं, "बरं झालं कळवलंत. आता सांगा, पाणी कुठलं?" उशीर का झाला हे ते तिसऱ्या-चौथ्या दिवशी विचारायचे, तेही चहावर. एकदा एका वरिष्ठ कार्यालयाने, साथ कळवणाऱ्या वैद्यकीय अधिकाऱ्याकडूनच खुलासा मागितला. साहेबांनी तो खुलासा स्वतःच्या सहीने पाठवला आणि त्या पोराला काही सांगितलंही नाही. मला कळलं ते आवक-जावक रजिस्टर चाळताना.

या एका नियमाची किंमत पुण्यात राहून समजायला हरकत नव्हती. ४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोगांचा कायदा झाला आणि रँडसाहेबाच्या प्लेग कमिटीने शहरात सोल्जर घुसवले. घराघरांची झडती, रोगी सापडला की त्याची रवानगी इस्पितळात, बाकीच्यांची छावणीत, सामानाची होळी. व्हायचं तेच झालं. लोक आजारी माणसं लपवू लागले, प्रेतंसुद्धा लपवू लागले. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीत रँडवर गोळी झाडली गेली, हे आपण शाळेत शिकतो. त्याच प्लेगात सावित्रीबाई फुले रोग्यांना मुलाच्या, डॉ. यशवंतच्या दवाखान्यात नेत होत्या आणि तसं करतानाच १० मार्चला गेल्या. आमच्या खात्याच्या नजरेने पाहिलं तर काम दोघांचं एकच होतं, रुग्ण शोधणं. पण घरात गाठ आलेलं पोर असेल तर ते आईबापांनी कुणाला सांगितलं असतं, हे मी प्रत्येक नव्या बॅचला विचारत असे. उत्तर द्यायला कुणालाच वेळ लागला नाही.

पुढे ९ मार्च २०२० ला राज्यातले पहिले दोन कोरोना रुग्ण पुण्यातच, नायडू रुग्णालयात सापडले. मग हातावर शिक्के आले, दारावर स्टिकर आले आणि सोसायट्यांच्या व्हॉट्सॲपवर कुणाकडे ॲम्ब्युलन्स आली याची चर्चा. तोच १८९७ चा कायदा पुन्हा लागू झालेला. लोक तापाची गोळी घेऊन गप्प बसू लागले तेव्हा मला तरी नवल वाटलं नाही.

अण्णांचं देणं वेगळं आहे. अण्णा म्हणजे आमचे आरोग्य सहाय्यक, मूळचे मलेरियातले. उमेदीची वर्षं घरोघर फिरून, तापाच्या माणसाच्या बोटाला टोचून काचपट्टीवर रक्त घेण्यात गेलेली. पंधरा दिवसांनी त्याच दारात पुन्हा जायचं, भिंतीवरच्या स्टेन्सिलमध्ये तारीख टाकायची. त्यामुळे गाव बघायची त्यांची एक रीत झाली होती. साथीच्या गावात ते ग्रामपंचायतीत आधी जात नसत. आधी मेडिकल. जुलाबाच्या गोळ्या कधीपासून जास्त खपताहेत, ओआरएसची पाकिटं संपली का. मग शाळेत, गैरहजर पोरं कुठल्या आळीची. मग एखाद्या ओट्यावर टेकून, गेल्या आठवड्यात गावजेवण कुणाकडे होतं. एवढं झाल्यावर नळ.

नळ कुठला निवडायचा यातही शास्त्र होतं. टाकीजवळच्या नळाला क्लोरीन असतोच. अण्णा लाइनीच्या शेवटच्या घरी जायचे, कारण तिथे दशलक्षात ०.२ भाग तरी क्लोरीन उरला पाहिजे. खिशातून काचेची नळी काढायची, पाणी भरायचं, ओटीचे, म्हणजे ऑर्थोटोलिडिनचे, थेंब टाकून हलवायचं. पिवळं आलं तर क्लोरीन आहे. पाणी जसंच्या तसं राहिलं तर ग्रामपंचायतीच्या वहीत रोजच्या रोज 'ओटी पॉझिटिव्ह' लिहिलेलं असलं तरी पाणी प्यायचं नाही. एका गावात अण्णांनी ती नळी सरपंचांच्याच हातात दिली. "तुम्हीच बघा भाऊ, मला म्हाताऱ्याला रंग दिसत नाही." सरपंच बराच वेळ उजेडाकडे धरून बघत राहिले. मग गोदाम उघडलं. टीसीएलचं, म्हणजे ब्लीचिंग पावडरचं, पोतं होतं, पावती होती, स्टॉक रजिस्टरही चोख होतं. पोत्याचं तोंड मात्र उघडं. ताज्या पावडरीत ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतो; उघड्यावर राहिली की तो उडतो आणि मागे चुना राहतो. गावाने अर्थातच पाणी सोडणाऱ्या शिपायाला धरलं. अण्णा मध्ये पडले. "त्याला बोलू नका. उद्या पाइप फुटला तर हाच आपल्याला सांगणार आहे." त्यांची आणि साहेबांची फारशी ओळखही नव्हती.

ज्ञानोबांची पालखी सासवड, जेजुरी, वाल्हे करत पुढे जायची तेव्हा अण्णांचा मुक्काम टँकर भरण्याच्या जागी. विहिरी तपासून झालेल्या असत, टँकरमध्ये टीसीएल टाकायचे आदेशही निघालेले असत. आदेशाने टँकरमध्ये पावडर पडत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. ते ड्रायव्हर लोकांबरोबर चहा प्यायचे आणि बोलता बोलता झाकण उघडून बघायचे.

आता ऑफिसातलं देणं, आमच्या डाटा एंट्री ऑपरेटरचं. अकरा महिन्यांचा करार, मग खंड, मग पुन्हा करार. पगाराचं तर विचारूच नका. तिच्या कामाचं वर्णन कागदावर 'माहिती संगणकात भरणे' एवढंच. एकदा म्हणाली, "मॅडम, या उपकेंद्रात कितीतरी आठवडे ताप सतराच. कुणी बरं होत नाही, कुणी नवीन आजारी पडत नाही." चौकशी केली तर तिथलं सिस्टरचं पद रिकामं होतं. शेजारच्या सिस्टरकडे अतिरिक्त कार्यभार, तिला दोन्हीकडे पुरं पडेना, म्हणून मागचाच फॉर्म पुढे चालला होता. मेमो काढला नाही. रिक्त पदाचं पत्र काढलं, आणि ते पद भरून घ्यायला मेमोपेक्षा पुष्कळ जास्त खेटे घालावे लागले.

पण तिची खरी कमाई काविळीची. एका प्राथमिक आरोग्य केंद्रात दोन-तीन रुग्ण, दुसऱ्या एका केंद्रात तितकेच. दोन्ही वेगळ्या तालुक्यांत, म्हणून दोन्ही आकडे वेगवेगळ्या पानांवर. उद्रेक म्हणावा असं एकाही पानावर काही नव्हतं. हिने दोन्ही फॉर्म माझ्यासमोर शेजारी शेजारी ठेवले. "ही गावं कागदावर लांब आहेत, पण पाणी एकाच योजनेचं पितात. माझं माहेर आहे तिथे." संगणकाला तालुके कळत होते, जलवाहिनी कळत नव्हती. हिपॅटायटिस ई शरीरात शिरल्यापासून डोळे पिवळे व्हायला दोन ते आठ आठवडे लागतात, म्हणजे गळती मागच्या महिन्यातली शोधायची होती. ती नाल्याखालून जाणाऱ्या पाइपात सापडली. त्याआधी आम्ही दोन्हीकडच्या गरोदर बायकांची यादी काढली, कारण हा आजार त्यांच्याच जिवावर उठतो. ऑपरेटरचं नाव मी त्या अहवालाच्या पहिल्या परिच्छेदात घातलं होतं. पुढच्या कार्यालयात ते गाळलं गेलं. तिचा पुढचा करार मात्र वेळेवर झाला, एवढंच माझ्या हातात होतं.

एनआयव्हीबद्दल, म्हणजे राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेबद्दल, लोक अभिमानाने बोलतात आणि ते रास्तच आहे. १९५२ पासून ही संस्था आपल्या शहरात आहे. १९७३ च्या बार्शीच्या चिकुनगुनियाचा अभ्यास तिच्याच शास्त्रज्ञांनी केला. पुरंदरच्या बेलसरमध्ये जुलै २०२१ मध्ये तापाची साथ होती, चिकुनगुनिया निघत होता, आणि तेवढ्यावर न थांबता नमुने तपासत राहिल्यामुळे महिनाअखेरीस राज्यातला पहिला झिका तिथे सापडला. माझं देणं मात्र तिथल्या नमुने स्वीकारणाऱ्या एका गृहस्थांचं आहे. माझ्या सुरुवातीच्या काळात त्यांनी फोनवर सांगितलं होतं, "लेबल पेन्सिलीने लिहायला सांगा मॅडम. बर्फाच्या पाण्यात शाई जाते, मग रक्तजल कुणाचं ते आम्ही कसं ओळखायचं?" प्रशिक्षणाच्या कुठल्याही पुस्तिकेच्या आधी मी सगळ्यांना हे सांगत आले.

जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रोडला जीबीएसचे, म्हणजे हातपाय लुळे पाडणाऱ्या गुलेन-बॅरे सिंड्रोमचे, रुग्ण वाढले तेव्हा मी निवृत्त होते. बातम्या बघत घरात येरझाऱ्या घालत होते, मुलगा हसत होता. नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागांतले रुग्ण, संख्या पुढे दोनशेच्या वर गेली. काहींच्या शौच नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर सापडला आणि बोट पाण्याकडे वळलं. ही गावं काही वर्षांपूर्वीच महापालिकेत आली आहेत. हद्द एका अधिसूचनेने वाढते, नळ त्या वेगाने पोचत नाही. पण माझं लक्ष वेगळ्याच गोष्टीकडे होतं. पोलिओच्या सर्वेक्षणात पंधरा वर्षांखालच्या कुठल्याही मुलाला अचानक लुळेपणा आला की कळवावं लागतं, १४ दिवसांच्या आत शौचाचे दोन नमुने घ्यावे लागतात. नैसर्गिक (वाइल्ड) पोलिओ विषाणूचा देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मधला, तरी ती यंत्रणा आजही चालू आहे. त्यामुळे लहान मुलातला जीबीएस आपोआप मोजला जातो. चाळिशीतल्या माणसाचे पाय गेले तर मोजणारा नेमून दिलेला कुणी नव्हता. तिथे उपयोगी पडले ते मेंदूविकारतज्ज्ञ. आपल्याकडे असे रुग्ण एकाएकी जास्त येताहेत हे त्यांच्या लक्षात आलं आणि ते त्यांनी रुग्णालयाच्या भिंतीबाहेर जाऊ दिलं. खासगी रुग्णालयाला यातून चौकशा आणि कागदपत्रांशिवाय काय मिळतं, हे मला माहीत आहे. त्यांना ओळखत नसले तरी माझ्या यादीत ते आहेत.

साहेब आता नाहीत. ऑपरेटर एका बँकेत लागली. तिथे अकरा महिन्यांची भानगड नाही आणि तिचं ठीक चाललंय. अण्णा सासवडकडे शेतात राहतात, कान जरा गेलेत, त्यामुळे फोनवर ओरडून बोलतात. मागच्या पावसाळ्यात सकाळी सकाळी फोन आला. वस्तीवरच्या शेवटच्या नळाला सलग दोन दिवस ओटी निगेटिव्ह. नळी अजून घरात ठेवली आहे त्यांनी. मी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना फोन लावला. तरुण आहेत, माझ्याच एका बॅचला होते. सगळं ऐकून म्हणाले, "मॅडम, तुम्ही तर रिटायर झालात ना?"

"अण्णाही झालेत," म्हटलं. "बरं झालं त्यांनी कळवलं. आता मला सांगा, टीसीएलचं पोतं कधी उघडलंय?"