लिंकनचे दुसरे पत्र

मराठवाड्यातल्या कितीतरी हायस्कुलांत मुख्याध्यापकांच्या खुर्चीमागे लिंकनचे पत्र टांगलेले असते. हेडमास्तरांना लिहिलेले. वसंत बापटांनी ते मराठीत असे आणले, की ते परमुलखातून आले आहे हेच विसरायला होते. किल्लारी, औसा, निलंगा, उमरगा या पट्ट्यात शिकलेल्या माझ्या पिढीला अमेरिका पहिल्यांदा भेटली ती त्या चौकटीत, धूळ बसलेल्या काचेमागे. लिंकनच्या संग्रहित लेखनात हे पत्र कुठेच सापडत नाही. त्याने त्यातला चांगुलपणा उणा होत नाही. पण त्या एका चौकटीवरून एका देशाचा इतिहास आम्ही मनात पक्का करून टाकला: एक उंच, दाढीवाला, दयाळू माणूस उठला, त्याने गुलाम मोकळे केले, आणि गोष्ट संपली.

लिंकनचे दुसरे एक पत्र आहे आणि ते निःसंशय त्याचेच आहे. २२ ऑगस्ट १८६२ रोजी त्याने होरेस ग्रीली या संपादकाला ते लिहिले. आपले मुख्य काम देशाचे ऐक्य राखणे हे आहे; एकही गुलाम न सोडता ऐक्य टिकत असेल तर तसे करू, सगळे सोडून टिकत असेल तर तसे करू, असा त्याचा आशय. हे पत्र कोणत्याही शाळेत टांगलेले मी पाहिले नाही. बाबासाहेब आंबेडकरांनी मात्र ते नेमके हेरले. १९४५ साली आलेल्या 'व्हॉट काँग्रेस अँड गांधी हॅव डन टू द अनटचेबल्स' या ग्रंथात त्यांनी ते पुढे ठेवले आणि सांगितले, की स्वराज्य आणि अस्पृश्य यांच्याकडे पाहण्याची गांधींची नजर ही ऐक्य आणि गुलाम यांच्याकडे पाहणाऱ्या लिंकनच्या नजरेसारखी आहे. दुसऱ्याच कामाच्या ओघात हाती आलेला हक्क ते काम झाले की हातातून निसटतो, ही भीती त्यामागे होती. ती नुसती शंका नव्हती. अमेरिकेत तसे घडून गेलेले होते.

त्याआधी ७२ वर्षे, १८७३ मध्ये, जोतिराव फुल्यांनी 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केली, गुलामांना मुक्त केल्याबद्दल. तेव्हा तिथे खरोखरच पहाट होती. हायरम रेव्हल्स हा कृष्णवर्णीय माणूस १८७० साली मिसिसिपी राज्यातून सिनेटमध्ये जाऊन बसला होता. मताचा हक्क घटनेत आला होता. दक्षिणेत फौज उभी होती, म्हणून तो हक्क वापरताही येत होता. १८७७ मध्ये फौजेने पाठ फिरवली आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत कर, परीक्षा, दहशत अशा एकेका वाटेने ते मत काढून घेतले गेले. बाबासाहेब १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात पोचले, तेव्हा त्याच विद्यापीठात विल्यम डनिंग हे नामवंत प्राध्यापक, कृष्णवर्णीयांच्या हाती सत्ता दिली हीच चूक होती, असा इतिहास शिकवत होते. तो इतिहास उलटवणारा मोठा ग्रंथ डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी १९३५ मध्ये लिहिला. त्याच ड्यू बॉइसना बाबासाहेबांनी १९४६ मध्ये पत्र पाठवले. दोन्ही समाजांची दुखणी किती सारखी आहेत, हे त्यांनी त्यात लिहिले होते.

मी अमेरिका पाहिलेली नाही. हे सगळे मला कळू लागले ते किल्लारीत.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटे. भूकंप. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. मिरवणुकांनी दमलेली माणसे नुकती आडवी झाली होती. जुन्या किल्लारीचे घर म्हणजे काळ्या दगडाच्या, मातीत रचलेल्या, हात-दीड हात रुंद भिंती आणि वर माळवद. लाकडावर मातीचा थर, आणि पावसाळ्यापूर्वी गळती थांबवायला त्यावर आणखी माती. वर्षानुवर्षे थर चढत जायचे. उन्हाळ्यात आत शिरले की अंगाला गारवा लागायचा. घर किती मोठे हे खणांवर सांगत: पाच खणांचे, सात खणांचे. जितके खण, तितकी प्रतिष्ठा आणि तितकेच ओझे डोक्यावर. त्या पहाटे त्या दगडाने माणसे मारली. गावकुसाबाहेरच्या कूड-पत्र्याच्या हलक्या खोपटांखाली जीव तुलनेने कमी गेले.

मग सरकार आले, जागतिक बँकेचे कर्ज आले, देशभरातून संस्था आल्या. ५२ गावे उठवून नव्या जागी बसवायचे ठरले. सगळे सपाट झालेले असताना माणसाला कोणत्या मापाने घर द्यायचे, हा प्रश्न कधी नाही इतका मोकळा पुढे आला होता. उत्तर सातबाऱ्यावरून काढले गेले. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेले ते अ वर्गात, त्यांना २५० चौरस फूट. एक ते सात हेक्टरवाल्यांना, म्हणजे ब वर्गाला, ४००. सात हेक्टरच्या वर ७५०. शेतकऱ्याला धान्य, औते, जनावरे ठेवायला जागा लागते, हा त्यामागचा विचार मी समजू शकतो. भूमिहीनाला पक्के, स्वतःच्या नावावरचे घर मिळाले, हेही लहान नाही. पण भूकंपाने एका मिनिटात पुसलेली उतरंड आराखड्यात पुन्हा उतरली, आणि बऱ्याच ठिकाणी एका मापाची घरे एका रांगेत आल्याने ती दुरूनही दिसू लागली. अडीचशेच्या रांगेतून चालताना मी दारे पाहतो. दोन लहान खोल्या, पुढे पत्रा ओढलेला, तुराट्यांचा कूड घालून केलेली मोरी, चूल बाहेर. मुलाचे लग्न झाले की त्याच पत्र्याला आणखी एक पत्रा. कागदावरचा आकडा माणसांनी हाताने वाढवत नेला आहे.

त्याच हिवाळ्यात, लोक अजून पत्र्याच्या शेडमध्ये असताना, १४ जानेवारी १९९४ रोजी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव जोडले गेले. १९७८ च्या जुलैत विधिमंडळाने ठराव केला, तेव्हा मराठवाड्यात दलितांची घरे जळाली होती. एका नावाला साडेपंधरा वर्षे लागली. हे दोन प्रसंग आपण वेगवेगळे आठवतो. मला ते शेजारी शेजारी दिसतात. दोन्ही वेळा, पडलेले पुन्हा उभे करताना जुनीच उतरंड उभी करायची का, हा प्रश्न होता.

अमेरिकेतही घर-जमिनीचा प्रश्न असाच क्षणभर मोकळा झाला होता. जानेवारी १८६५ मध्ये सेनापती शर्मनने समुद्रकाठची जप्त जमीन मुक्त गुलामांच्या कुटुंबांना, चाळीस एकरांच्या आत, वाटायचा हुकूम काढला. त्याच वर्षी अँड्र्यू जॉन्सन या नव्या अध्यक्षाने ती जुन्या मालकांना परत केली. मताचा हक्क मिळाला, जमीन मिळाली नाही. मग बटईची शेती, दुकानदाराकडून उधारी, कापूस निघाला की हिशेबात उरलेले शून्य. आमच्याकडचा सालगडी किंवा उचल घेतलेला ऊसतोड कामगार हे वाचून वेगळे काही समजावून मागणार नाही.

आणि इथे मला सर्वांत जास्त थांबावेसे वाटते. १८९० च्या दशकात कापसाचे भाव पडले, तेव्हा त्या उधारीत गोरा लहान शेतकरीही बुडाला. जॉर्जिया राज्यातला टॉम वॉटसन हा पुढारी १८९२ मध्ये दोघांना सांगत होता, की तुम्हाला वेगळे ठेवले आहे ते दोघांना लुटता यावे म्हणून. ती चळवळ हरली. आणि तोच वॉटसन पुढे कृष्णवर्णीयांविरुद्ध विष ओकू लागला. त्यांचे मत काढून घेण्याच्या बाजूने उभा राहिला. गोऱ्या शेतकऱ्याच्या कर्जाचा एक पैसाही त्याने फिटला नाही.

आज लातूर जिल्ह्यातल्या पारावर आरक्षणाची चर्चा पेटते, तेव्हा मला वॉटसन आठवतो. १९९३ मध्ये तीन हेक्टरवाला शेतकरी ब वर्गात होता. तीन मुलांत वाटणी झाली की प्रत्येकी एक हेक्टर, म्हणजे अ वर्ग. सोयाबीनचा भाव, मुलीचे लग्न, मुलाची नोकरी, सगळे त्याच हेक्टरावर. मराठा तरुणाच्या संतापाखाली ही खरी घसरण आहे. २ सप्टेंबर २०२५ रोजी मराठ्यांना कुणबी दाखले देण्यासाठी हैदराबाद गॅझेटबाबत शासन निर्णय निघाला, तेव्हा ओबीसी घरांत पसरलेली धास्तीही तितकीच खरी आहे; त्यांच्याकडे तो हेक्टरही बऱ्याचदा नव्हता. या दोघांना समोरासमोर उभे करणारा पुढारी कोणत्याही पक्षाचा असो, तो वॉटसनच्या उतरणीच्या वाटेने चालला आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

उसना इतिहास सगळाच लागू पडतो असे नाही. आपली जात त्यांच्या वर्णासारखी डोळ्यांना दिसत नाही, ती आडनावात आणि वस्तीत राहते. आपली राखीव जागा घटनेच्या पायावर उभी आहे. तिकडे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यापीठ प्रवेशात वर्णाचा विचार करण्याची पद्धत जवळपास मोडीत काढली, म्हणून इथेही तेच व्हावे, हा युक्तिवाद म्हणूनच मला पटत नाही. जोतिराव आणि बाबासाहेब यांनी तो इतिहास आपल्या माणसांचे दुखणे ओळखण्यासाठी वाचला. निकाल त्यांनी इथल्या जमिनीवर उभे राहून दिला.

पुढच्या ३० सप्टेंबरला जुन्या किल्लारीच्या स्मारकापाशी फुले वाहून झाली, की लगेच परतू नका. अडीचशेच्या रांगेत जा, मग चारशेच्या रांगेत जा. आज नावावर किती गुंठे उरले, देणे किती आहे, पोरगी कितवीपर्यंत शिकली, पोरगा पुण्यात काय काम करतो, हे दोन्हीकडे विचारा. आरक्षणावर बोलायचे ते त्यानंतर बोलू.