जिंजीच्या वाटेवरचा मातीचा दुर्योधन

मे महिन्यात चेन्नईला येऊ का, असं गावाकडून कुणी विचारलं की मी सरळ सांगते, नका येऊ. या दिवसांत इथे ‘कत्तिरी वेयिल’ असतं. मेमधले साधारण साडेतीन आठवडे असे असतात, की दुपारी कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही. पण मुलांच्या शाळेची सुट्टी तेव्हाच असते, आणि मराठी घरातून आलेल्या पाहुण्यांना जिंजीचा किल्ला बघायचाच असतो. राजाराम महाराजांनी जिथून मुघलांशी झुंज दिली तो हा किल्ला. २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, त्यात महाराष्ट्राबाहेरचा हा एकटाच. त्यामुळे तुम्ही येणारच. मग एक करा. किल्ला सकाळी लवकर उरकून लगेच चेन्नईची बस धरू नका. आजूबाजूच्या गावांत उन्हाळ्यात जे चालतं, त्यासाठी एक रात्र आणि पुढची सकाळ हाताशी ठेवा.

जिंजीच्या परिसरातली गावं द्रौपदीची आहेत. अक्षरशः. आपल्याकडे द्रौपदी गोष्टीत भेटते, देव्हाऱ्यात नाही. इथे ती ‘द्रौपदी अम्मन’ आहे, गावाची आई. तिच्या भक्तांच्या परंपरेत जिंजीजवळचं मेलच्चेरी हे तिचं मूळ ठाणं मानलं जातं. देवळात तिच्या राखणीला दोघे जण असतात. एक पोत्तुराजा, हे नाव ऐकून तुम्हाला कडकलक्ष्मीचा पोतराज आठवेल, आणि याच्या पूजेतही चाबूक असतोच. दुसरा मुत्ताल रावुत्तन, चक्क मुसलमान.

पिकं निघून शेतं रिकामी झाली की या देवळांवर झेंडा चढतो आणि महाभारत सुरू होतं. कुठे दहा दिवस, कुठे अठरा, कुठे त्याहून जास्त. दुपारी मांडवात एक कथेकरी विल्लिपुत्तूरारांचं तमिळ भारत लावतो. ऐकायला बहुतेक म्हाताऱ्या बायका असतात, अर्ध्या डुलक्या घेत. रात्री तीच कथा उघड्यावर उभी राहते, त्याला म्हणतात कूत्तु.

शहरातले लोक याला ‘तेरुक्कूत्तु’, म्हणजे रस्त्यावरचं नाटक, म्हणतात. कांचीपुरमचे ज्येष्ठ कलावंत पी. राजगोपाल यांचा आग्रह ‘कट्टैक्कूत्तु’ या नावाचा. कट्टै म्हणजे लाकडी दागिने. हलक्या लाकडाचे, आरशाचे तुकडे जडवलेले मुकुट, खांद्यावरचे पंख, छातीवरचं कवच हे सगळं अंगावर बांधून नट रात्रभर नाचतो, गातो, बोलतो. रात्री दहाच्या सुमारास सुरू होतं आणि उजाडल्यावर संपतं. साथीला पेटी, मृदंग, ढोलक आणि मुखवीणा नावाची छोटी, कर्कश सनई. (मला ती पहिल्या तासात नकोशी होते आणि तिसऱ्या तासात तिच्याशिवाय करमत नाही.) दोघांनी धरलेल्या पडद्याआडून पात्र येतं, आधी नुसता मुकुट दिसतो, मग पाय. कोकणातला दशावतार पाहिला असेल तर तुम्ही पाच मिनिटांत रुळाल. आपल्या सोंगाड्याचा इथला भाऊ म्हणजे कट्टियक्कारन. तो राजाची वर्दी देतो आणि त्याच दमात राजाची टोपीही उडवतो. तमिळ येत नसलं तरी तो कुणाची खेचतोय हे प्रेक्षकांच्या माना कुठे वळतात त्यावरून कळतं.

बाईची भूमिका पारंपरिकरीत्या पुरुषच करतात. कांचीपुरमजवळच्या पुंजरसंतांगल गावात कट्टैक्कूत्तु संगम आहे, १९९० पासून. त्यांनी २००२ मध्ये मुलांसाठी निवासी गुरुकुल काढलं आणि त्यात मुलींनाही घेतलं, तेव्हा पहिल्यांदा मुली हे जड दागिने बांधून उभ्या राहिल्या. ते गुरुकुल २०२० मध्ये बंद झालं. त्याच वर्षी करोनाने उन्हाळ्याचे उत्सवही थांबवले, आणि पुढच्या उन्हाळ्यातही तेच. या नटांची वर्षाची कमाई मुख्यतः याच चार-पाच महिन्यांतली. तेव्हा गावात कुणी ताट फिरवलं तर सुट्टे शोधत बसू नका.

मधल्या एका दिवशी अर्जुनाची तपश्चर्या असते. मैदानात उंच खांब रोवतात, अर्जुन झालेला नट गाणी म्हणत पायरी-पायरीने वर चढतो आणि माथ्यावरून लिंबं, बेलाची पानं, भस्म खाली टाकतो. मूल व्हावं म्हणून आलेल्या बायका खाली पदर पसरून थांबलेल्या असतात. तिथे कॅमेरा खाली ठेवा, कुणी न सांगता.

आणि मग शेवटाकडे पडुकळम. हे एक बघितलंत तरी पुरे.

पडुकळम म्हणजे जिथे योद्धे पडले ते मैदान. तिथे उघड्यावर ओल्या मातीचा दुर्योधन घडवतात, उताणा पडलेला, माणसाच्या कितीतरी पट लांब. मिशा, मुकुट, दागिने, वटारलेले डोळे, वरून रंग. एवढं मन लावून केलेलं हे शिल्प कुठल्याही कलादालनात जाणार नाही. ते एका सकाळसाठी असतं. रात्रभर खेळलेले भीम आणि दुर्योधन उजाडताना त्याच वेषात इथे येतात आणि त्या मातीच्या देहाभोवती एकमेकांचा पाठलाग करतात. गाव भोवती कडं करून उभं. मांडीच्या जागी आत लाल पाणी लपवलेलं असतं. भीमाचा घाव बसतो, ते पाणी उसळतं, आणि द्रौपदीच्या केसांना लावून तिचे केस बांधले जातात. सभेतल्या त्या दिवसापासून मोकळे असलेले केस.

आपण मुलांना वस्त्रहरण सांगतो तेव्हा गोष्ट कृष्णाने साडी पुरवली की संपते. इथे ती तिथे संपत नाही. तिचा अपमान झाला, तिने शपथ घेतली, आणि ती पुरी होईपर्यंत सगळं गाव तिच्याबरोबर थांबलं. लहान मुलं घाबरतील का? काही घाबरतात. पण जवळपास लगेच दुर्योधनाच्या मरणाचा विलाप सुरू होतो, थेट इथल्या घरांत मयताला रडतात तसा, आणि मुलं विचारतात, तो तर वाईट होता ना, मग आता का रडतायत? उत्तर आधीच तयार ठेवा. माझ्याकडे अजून धड नाही.

तरी या उत्सवाला गोड रंग लावून सांगणं मला जमणार नाही. याच विळुपुरम जिल्ह्यातल्या मेल्पादी गावात द्रौपदी अम्मनचंच देऊळ आहे. एप्रिल २०२३ मध्ये उत्सवात दलित तरुण आत गेले म्हणून मारहाण झाली. जूनमध्ये प्रशासनाने देऊळ सील केलं, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. दलित भाविक देवीसमोर उभे राहिले ते एप्रिल २०२५ मध्ये. भरल्या सभेत अपमान झालेल्या बाईच्या दारात, दोन वर्षं. पडुकळम बघताना कोण पुढे उभं आहे आणि कोण लांब झाडाखाली, हेही बघा.

संध्याकाळी तीमिदी. अंगाला हळद लावलेले, व्रत धरलेले लोक निखाऱ्यांवरून चालतात. गर्दी प्रचंड असते, मुलांना कडेवर घ्या किंवा लांबूनच दाखवा.

तारखा विचाराल तर प्रत्येक गावाच्या वेगळ्या, आणि दरवर्षी उत्सव होतोच असंही नाही. मार्च ते ऑगस्ट हा हंगाम, ऐन भर एप्रिल-मेमध्ये. चेन्नईहून तिंडिवनमपर्यंत ट्रेन किंवा बस, तिथून जिंजीची बस. उतरलात की भिंतींवरची पोस्टरं बघा किंवा चहाच्या टपरीवर विचारा, “इंगे बारदम नडक्कुदा?” इथे भारत चालू आहे का, एवढाच त्याचा अर्थ. राहायला तिंडिवनम किंवा तिरुवण्णामलै सोयीचं. चटई, पाणी आणि मुलांसाठी टोप्या न्या. आणि पडुकळम संपल्यावर घाईने निघू नका, कारण गर्दी पांगताना बायका त्या दुर्योधनाची मूठभर माती पदरात बांधून घरी नेतात, आणि तुम्ही तिथे रेंगाळलात तर एखादी आजी तुमच्याही हातावर ठेवेल.